दगडावरचा लाल उच्चार

कापड बाजूला केलं आणि इसोमुरा तोकुजींच्या हातातला झाडू थांबला.

नव्या दगडावर लाल अक्षरं होती.

दगड ओसे नदीच्या बांधावर उभा होता. वीसेक वर्षांपूर्वीच्या पुरात गेलेल्या कावाचीकरांच्या आठवणीसाठी सेनोहारा नगरपालिकेने तो बसवला होता. उद्या सकाळी नगराध्यक्ष येऊन कापड ओढणार होते. कावाचीत आळीप्रमुखपद दरवर्षी एका घरातून दुसऱ्या घरात जातं. यंदा ते इसोमुरांच्या दारात आलं होतं, म्हणून झाडलोट त्यांच्याकडे.

ते जवळ गेले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

गावाचं नाव दोन चित्राक्षरांत कोरलेलं होतं, 'नदी' आणि 'आत'. त्या अक्षरांच्या उजव्या अंगाला कुणीतरी बारीक ब्रशने उच्चार लिहिला होता. मुलांच्या पुस्तकात अवघड अक्षराशेजारी लिहितात तसा. पण तो उच्चार 'कावाची' नव्हता.

'कोउची', असं लिहिलं होतं.

इसोमुरा तिथेच बांधावर बसले.

लिहायला दोन्ही गावं एकच. नदीकाठचं कावाची आणि डोंगरातलं कोउची. अक्षरं तीच, म्हणायचं वेगळं. आजूबाजूची गावं जोडून एक शहर केलं तेव्हापासून टपाल चुकायचं. खालच्या लग्नाची पत्रिका वरच्या घरी जायची. लोक त्यावर हसायचे. पूर येईपर्यंत हसायचे.

त्या संध्याकाळी खांबावरचा पालिकेचा भोंगा वाजला तेव्हा इसोमुरा गमबूट चढवत होते. नदीचं पाणी अडवायला बांधाचा लोखंडी दरवाजा खाली पाडायचं काम त्यांचं होतं. पावसात आवाज फाटत होता, तरी शब्द ऐकू आला होता. कोउची भागातील लोकांनी ताबडतोब उंचावर जावे.

"वरच्यांसाठी आहे," ते बायकोला म्हणाले होते. "दरड येत असेल. तू घरातच थांब. मी दरवाजा पाडून आलोच."

फुमिए थांबली.

नंतर चौकशीत त्यांनी सांगितलं, भोंग्यावर कोउची म्हणाले होते. तेव्हा भोंग्यावर वाचलेला कागद त्यांच्यासमोर ठेवण्यात आला. कागदावर तीच दोन अक्षरं होती. इसोमुरांनी वाचलं, कावाची. जन्मभर तेच वाचत आल्यावर दुसरं काय वाचणार? बांधावरच्या पंपाच्या आवाजाने त्यांचा एक कान आधीच मंद झाला होता. माझ्या ऐकण्यात चूक झाली, असं ते स्वतःच म्हणाले. वरच्या गावातला भोंगा त्या पावसात आधीच बंद पडला होता. नदी बघून पळालेल्यांनी भोंगा ऐकलाच नव्हता. भोंगा ऐकून घरात थांबलेल्यांपैकी सांगायला कुणी उरलं नव्हतं.

दगडावर सर्वांत खाली एक ओळ होती. 'इशारा वेळेवर दिला होता. पुढच्यांनी तो ऐकावा.'

ही ओळ सभेत मंजूर झाली तेव्हा इसोमुरांनीही हात वर केला होता.

इसोमुरांनी चौकीला फोन करून दगडावर कुणीतरी लाल अक्षरं लिहिल्याचं सांगितलं. हवालदार नुकागा सायकलवरून आले. सायकल उभी करण्याआधीच त्यांनी तक्रार सुरू केली.

"प्रमुखसाहेब, चहाचा पहिला घोट घेतला होता मी. दाखवा, काय लिहिलंय एवढं?"

इसोमुरांनी बोट दाखवलं.

नुकागा वाकले. "लाल. लाल रंगात लिहिणं म्हणजे उघड शिवी आहे. वरच्या गावचं काम."

"कशावरून?"

"अहो, नाव वाचा ना. तुमच्या माणसांच्या दगडावर स्वतःच्या गावाचं नाव ठोकलंय. दगड कोणी घडवला? त्सुरुमाकीने. तो कुठला? वरचा. दगड बसवताना तुमच्याशी कोण भांडलं?"

"भांडला नाही. त्याचा आवाजच तसा आहे."

"तुम्ही फार भले आहात."

"शिवी देणारा उदबत्ती लावून जातो का, नुकागा-सान?"

दगडापुढे राखेचं मातीचं भांडं होतं. काल दुपारी इसोमुरांनीच त्यात ताजी राख भरून ठेवली होती. आता त्या राखेवर उदबत्तीचे जळलेले तुकडे होते. उभे खोचलेले नव्हते. मोडून, शेजारी शेजारी आडवे ठेवलेले.

"वाऱ्याने पडल्या असतील," नुकागा म्हणाले.

"पडल्या असत्या तर राखेला भोकं दिसली असती. राख सपाट आहे."

नुकागांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि वही काढली.

तेवढ्यात पालिकेची पांढरी गाडी बांधाखाली थांबली. नागरी विभागाचे प्रमुख किरियामा पायऱ्या चढून आले. पन्नाशीचा माणूस, नीटनेटका, केस पुराच्या वर्षीच पांढरे झालेले. त्यांनी दगडाकडे पाहिलं नाही. इसोमुरांना वाकून नमस्कार केला.

"इसोमुरा-सान, तुम्हालाच हे बघावं लागलं. परवाच तुमच्याकडे येऊन गेलो, तेव्हा किती शांत वाटलं होतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चौकीतून फोन आला. नगराध्यक्षांच्या कार्यालयाचा निरोप आहे. आज संध्याकाळच्या आत हे घासून काढायचं. आणि..." ते थांबले. "त्सुरुमाकी-सानांविरुद्ध तक्रार नोंदवायची. पुढे पालिकेचं काम त्यांना मिळणार नाही."

"पुरावा नसताना?" इसोमुरांनी विचारलं.

"वरून तसं आलंय."

"तुम्हाला काय वाटतं?"

किरियामांनी नदीकडे पाहिलं. "मला वाटतं... कावाचीच्या लोकांना... याचा त्रास होऊ नये."

ते गेले. नुकागा हसले. "साहेबांना गावाचं नाव घेताना नेहमी ठेच लागते, बघितलंत? इतकी वर्षं झाली इथे राहून."

इसोमुरा हसले नाहीत. "चौकीची गाडी काढा आणि मला वर घेऊन चला," ते म्हणाले. "त्या माणसाचं पोटापाण्याचं काम जाणार आहे. निदान त्याला विचारू तरी."

त्सुरुमाकींची शेड बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे होती. म्हाताऱ्याच्या भुवयांवर दगडाची पूड बसली होती. कोपऱ्यात बुद्धाच्या लहानशा मूर्तीपुढे एक उदबत्ती सरळ उभी जळत होती.

"कोउचीचा रस्ता बरा झालाय की," नुकागा गाडीतून उतरत म्हणाले.

"गोउची," त्सुरुमाकी म्हणाले.

"तेच ते."

"तेच ते कसं? कोउची तुम्ही खालचे म्हणता. तुमचं ऐकून बसवाल्यांनी पाटी लावली, बसमध्येही तेच बोलतात. आमच्यातलं शेंबडं पोरही कोउची म्हणणार नाही. माझ्या आजाने ती पाटी एकदा उपटून नदीत फेकली होती."

"बरं, गोउची. काल कुठे होतात?"

"इथेच. तुमच्या आळीतल्या एका आजीचा दगड घडवत होतो."

"साक्षीदार?"

"ती आजीच. पण ती आता कशाला बोलते?"

नुकागांनी पेन्सिल दाताखाली धरली. "लाल रंग ठेवता तुम्ही?"

"दगडवाला लाल ठेवणार नाही तर काय मुळे ठेवणार?" त्सुरुमाकींनी फळीकडे हात केला. "एक डबी कमी आहे. बारीक ब्रशही गेलाय. शुक्रवारी तुमची मंडळी तयार दगड बघायला आली, त्यानंतर सापडलं नाही."

"कोण कोण आलं होतं?"

"मठाचे महाराज. पालिकेचे नोझावा आणि किरियामा. आणि हे." त्यांनी इसोमुरांकडे हनुवटी केली.

"नोझावा कुठले?"

"तुमच्या खालचेच, जन्मापासून. महाराजही तिथलेच."

इसोमुरांनी विचारलं, "दगड बघून कोण काय म्हणालं, आठवतं?"

"महाराज म्हणाले, छान. नोझावा म्हणाला, महाग. किरियामांनी तोंड उघडलं नाही. खालच्या ओळीवर तळवा ठेवून उभे राहिले. म्हटलं, साहेब, पूड लागेल. म्हणाले, लागू दे."

"आणि मी?"

त्सुरुमाकींनी भुवयांवरची पूड पुसली. "तुम्ही दगडाकडे बघितलंच नाही, इसोमुरा-सान. दारात उभे होतात." मग त्यांनी आवाज उतरवला. "मी नाही केलं ते. माझी धाकटी बहीण तुमच्या आळीत दिली होती. तिचंही नाव त्या दगडावर आहे. माझ्या हाताने कोरलंय."

परतताना इसोमुरांनी मठापाशी गाडी थांबवायला सांगितली. मागच्या टेकडीवर स्मशान होतं.

"बायकोला भेटायचंय?" नुकागांनी विचारलं.

"रंग बघायचाय."

इसोमुरा घराण्याच्या थडग्यावर दोन नावं होती. फुमिएच्या नावात रंग नव्हता. शेजारी तोकुजी, लाल रंगाने भरलेलं. जोडीदार गेला की मागे राहिलेल्याचं नावही सोबतच कोरून ठेवतात आणि लाल भरतात. तोही गेला की लाल काढून टाकतात. महिन्यातून एकदा येऊन इसोमुरा हे नाव बघायचे आणि आपण अजून लाल आहोत याची त्यांना लाज वाटायची.

त्यांनी आपल्या नावावर नख घासलं. मग ते नख उन्हात धरून पाहिलं.

"शिवी नाही ही," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"घरी चला. एक गोष्ट उरलीय."

घरात त्यांनी पूर्वजांचा देव्हारा उघडला. फुमिएच्या फोटोपुढे राखेची वाटी होती. मागच्या बाजूला त्यांच्या रोजच्या उदबत्त्यांची उभी टोकं. आणि पुढच्या बाजूला, राखेवर सपाट, परवा आलेल्या पाहुण्याने ठेवलेले आडवे तुकडे.

इसोमुरा बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिले.

दुपार कलल्यावर सगळे बांधावर जमले. त्सुरुमाकी घासायचं यंत्र आणि पाण्याची बादली घेऊन आले होते, तोंड वाकडं करून. किरियामा कोटाची बटणं लावून दगडापासून दूर उभे होते.

"लवकर आटपू," नुकागा म्हणाले. "प्रमुखसाहेबांना आधी काही सांगायचंय."

इसोमुरांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी दगडाकडे बघतच सुरुवात केली.

"हे त्सुरुमाकींनी केलं नाही. वरचा माणूस आपल्या गावाला गोउची म्हणतो. कोउची हा शब्द त्याला खालच्यांनी चिकटवलेला वाटतो. तो स्वतःच्या हाताने तो लिहिणार नाही, बहिणीच्या नावाशेजारी तर नाहीच."

त्सुरुमाकींनी मान हलवली.

"रंगाची डबी शुक्रवारी गेली. शेडमध्ये मी होतो, महाराज होते, नोझावा होते, किरियामा-सान होते. आम्ही तिघं इथलेच. आम्ही उदबत्ती उभी लावतो, वरचेही उभीच लावतात, कारण दोन्ही गावांचा मठ एकच. मोडून आडवी ठेवतात ती दुसऱ्या पंथाची माणसं, मोठ्या शहराकडची. दगडापुढची उदबत्ती आडवी होती. माझ्या घरी, माझ्या बायकोपुढेही आडवी असते. दर महिन्याला, तिच्या तिथीला येणाऱ्या पाहुण्याची."

किरियामांचे हात कोटाच्या शिवणीवर ताठ होते.

"मग लाल रंग का? नुकागा-सान म्हणाले, शिवी. पण दगडावर लाल कशासाठी असतो हे आपल्याला माहीत आहे. मेलेल्यांच्या शेजारी जो जिवंत राहिला, त्याचं नाव लाल. ज्याने हे लिहिलं त्याने मेलेल्यांना काही म्हटलेलं नाही. त्याने सांगितलंय की या दगडावर एक नाव कमी आहे, आणि तो माणूस अजून जिवंत आहे."

"पण नाव कुठे लिहिलंय? लिहिलाय तो शब्द," नुकागा म्हणाले.

"तो शब्द म्हणजेच त्याचं नाव." इसोमुरा दगडाकडून किरियामांकडे वळले. "पालिकेतला खालचा माणूस ही अक्षरं कावाची अशी वाचेल. वरचा गोउची वाचेल. कोउची असं वाचणारा माणूस इथला नसणार. नवा असणार. बसच्या पाटीवरून शिकलेला. त्या संध्याकाळी भोंग्यावर मी कोउची ऐकलं होतं. पुराच्या वर्षी पालिकेत नवं कोण आलं होतं, किरियामा-सान?"

किरियामा गुडघ्यांवर खाली आले. आधी त्यांनी कोट काढून त्याची घडी घातली, हे नुकागांच्या नंतर बरेच दिवस लक्षात राहिलं.

"मी," ते म्हणाले. "नेहमी नोझावा बोलायचे. ते पुलावर गेले होते. कागद माझ्या हातात आला. मी रोज ज्या बसने कामाला यायचो तिच्यावर तीच अक्षरं होती. शेवटचा थांबा, कोउची. मी तेच वाचलं. तीन वेळा वाचलं, स्पष्ट."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. नोझावा म्हणाले, कावाचीतली माणसं गेली. मी विचारलं, कावाची कुठे आहे?"

त्सुरुमाकींनी यंत्र जमिनीवर ठेवलं.

"कुणाला सांगितलंत?" नुकागांनी विचारलं.

"तेव्हाच्या माझ्या साहेबांना. ते म्हणाले, कागद बरोबर आहे ना? मग कुणी चुकलेलं नाही. मी गप्प बसलो. मग इसोमुरा-सान चौकशीला आले." किरियामांनी वर पाहिलं. "तुमच्यापुढे कागद ठेवणारा मी होतो. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही म्हणालात, माझाच कान खराब आहे. मी मान हलवली. 'हो' सुद्धा म्हणालो नाही. नुसती मान."

इसोमुरांना तो तरुण आठवला. काळ्या केसांचा होता.

"बदली मागू शकला असतात," ते म्हणाले.

"मागितली नाही. तुमच्याकडे यायचो, तुमच्या हातचा चहा प्यायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही म्हणायचात, मीच तिला थांबवलं, आणि मी पुन्हा गप्प. पण शुक्रवारी ती ओळ कोरलेली पाहिली. इशारा वेळेवर दिला होता. मी गेल्यावरही ती राहणार होती. डबी उचलली. लिहिल्यावर वाटलं, कुणीतरी ओळखेल. तर तुम्ही त्सुरुमाकी-सानांना धरायला निघालात, आणि मी ते सुद्धा माझ्याच तोंडाने सांगितलं."

"मला धरायला निघाले, साहेब," त्सुरुमाकी म्हणाले, "आणि तुम्ही कोटाची बटणं लावून बघत होतात."

"हो," किरियामा म्हणाले.

नदी खालून वाहत होती. या दिवसांत ती पोटरीएवढीच असते.

"माझा कान बरा होता तर," इसोमुरा म्हणाले. हे ते कुणालाच उद्देशून बोलले नाहीत. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पण शेजारी जाऊन विचारता आलं असतं. नदी दारातून दिसत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, भोंग्याकडे कान दिला आणि निघून गेलो. ते माझं माझ्याकडेच राहील."

"मला क्षमा..."

"ते मला विचारू नका. मला ते देता येणार नाही, आणि नाही असंही म्हणता येणार नाही. उद्या नगराध्यक्षांच्या आधी तुम्ही भोंग्यावर बोला. त्या दिवशी काय वाचलंत ते सांगा. आळीतल्या बाकीच्या घरांनाही वाटतं की त्यांच्या माणसांनी ऐकलं नाही."

किरियामांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "बोलतो."

त्सुरुमाकींनी बादली उचलली. "मग मी घासू काय? लाल काढायला सांगितलंय."

किरियामा उठले. त्यांचे गुडघे मातीने भरले होते. "खालची ओळ घासा. आज अजून मी विभागप्रमुख आहे. मी सांगतो."

"आणि लाल?"

किरियामांनी इसोमुरांकडे पाहिलं.

"राहू दे," इसोमुरा म्हणाले. "माणूस जिवंत आहे."

त्सुरुमाकींनी यंत्र सुरू केलं. पांढरं पाणी दगडावरून खाली ओघळू लागलं. नुकागांनी त्या आवाजात ओरडून विचारलं, "प्रमुखसाहेब, अहवाल तर द्यावाच लागेल. ठिकाण काय लिहू?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी वहीत ती दोन अक्षरं लिहिली.

इसोमुरांनी वहीवर बोट ठेवलं. "शेजारी उच्चारही लिहा."

नुकागांनी लिहिला, 'कावाची'. इसोमुरांनी वाकून तो नीट वाचला आणि झाडू उचलला.